मुक्याची साक्ष

मौन म्हणजे संमती, असे आपण व्यवहारात सहज म्हणतो. न्यायाच्या दरबारात मात्र मौनाचा अर्थ लावताना माणसांचे प्राण पणाला लागले आहेत. आपल्या फौजदारी कायद्याचे घराणे इंग्लंडातले; तेव्हा आरंभ तेथूनच केला पाहिजे.

जुन्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे आरोपीने गुन्हा कबूल वा नाकबूल केल्याखेरीज खटला पुढे जात नसे. तो बोललाच नाही, तर पंच आधी हे ठरवीत, की हा हट्टाने मुका आहे की देवानेच याला मुके केले आहे. हट्टी ठरला, तर अंगावर वजने रचून त्याला चिरडीत. ही रीत १७७२ साली बंद झाली. खरा मुका तीतून वाचे. परंतु जन्मतः मूकबधिर तो बुद्धिहीनच, असे गृहीत सर मॅथ्यू हेल यांनी सतराव्या शतकात आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले होते.

१८३१ साली यॉर्क येथे एस्थर डायसन या मूकबधिर स्त्रीवर आपल्या अर्भकाच्या खुनाचा आरोप आला. खुणांनी तिला आरोप समजला. पण पंचांना हरकत घेण्याचा हक्क समजावता येईना. तिला वेडी ठरविण्यात आले. फाशी टळली, पण सुटकाही झाली नाही. तिच्या वाट्याला बेमुदत बंदिवास आला. उणीव तिच्या बुद्धीत होती की न्यायालयाच्या भाषेत, हा प्रश्न आज आपणांस विचारल्यावाचून राहवत नाही. कारण त्यापूर्वीच, १७८६ साली, लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाने एका मूकबधिराची साक्ष त्याच्या बहिणीला दुभाषी करून ऐकली होती.

हाच उदार धागा फिट्झजेम्स स्टीफन यांनी हिंदुस्थानच्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात विणला. ज्याला बोलता येत नाही त्याने भर न्यायालयात लिहून वा खुणांनी सांगावे, आणि ती तोंडी साक्षच समजावी, असे कलम ११९ ने ठरविले. दुभाषी आणि चित्रीकरण यांची तरतूद होण्यास मात्र २०१३ साल उजाडले.

कलम असले म्हणजे काम भागले असे नव्हे. राजस्थानातील एका खुनाच्या खटल्यात मृताची मूकबधिर पत्नी साक्षीदार होती. तिच्या खुणांचा अर्थ तिच्या वडिलांनी सांगितला. शपथा रीतसर झाल्या नव्हत्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची सुटका कायम केली आणि बजावले, की दुभाषी हितसंबंधी नसावा आणि केवळ अर्थ नव्हे, तर खुणाही नोंदविल्या जाव्यात. म्हणजे साक्ष द्यायला बाई पुढे आली होती. तयारी नव्हती ती न्याययंत्रणेची. पुढे २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने एका अंध मुलीने आवाजावरून पटविलेली ओळख ग्राह्य धरली, आणि अपंगाची साक्ष दुय्यम मानू नये असे स्पष्ट केले.

तुरुंगाच्या भिंतीआड हा प्रकाश अधिकच मंद आहे. तळोजा कारागृहातील वृद्ध फादर स्टॅन स्वामी यांचे हात कंपवाताने थरथरत. नळी असलेला पेला मिळावा, म्हणून २०२० साली त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, जामीन न मिळताच, ते मुंबईत वारले. त्यांच्यावरील आरोपांविषयी कोणाचे मत काहीही असो. पाणी पिण्याचा प्रश्न त्या वादात येत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने न्यायापर्यंत पोहोचणे हा हक्क मानला आहे. तेव्हा आता मागावयाची ती दया नव्हे. जिल्ह्याच्या न्यायालयात खुणांची भाषा जाणणारा दुभाषी आहे काय, साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत चाकाची खुर्ची जाते काय, एवढे प्रत्येक गावच्या नागरिकांनी विचारले, तरी पुष्कळ साधेल.