साक्षीदाराचा आवाज आणि कोर्टाचे दप्तर

जमिनीच्या दाव्याचे कागद नाहीत असे घर आपल्या सीमाभागात विरळाच. त्या कागदांत आजोबांची जबानी सापडते, पण आजोबांची भाषा सापडत नाही. साक्षीदार मराठीत बोलतो, न्यायाधीश ते ऐकून मजकूर सांगतात आणि टंकलेखक तो इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये उतरवतो. ‘दिलं असावं बहुतेक’ आणि ‘दिलं’ यांतला फरक या वाटेत कुठे गळून पडला, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हा फरक किती महाग पडतो ते लोकमान्यांच्या १९०८ च्या खटल्यात दिसते. ‘केसरी’तले लेख मराठीत, आणि न्याय करायचा तो इंग्रजी भाषांतरावरून. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची शब्दाशब्दावर उलटतपासणी घेतली आणि मग सुमारे २१ तास स्वतःची बाजू मांडली. २२ जुलैला ज्युरीने ७ विरुद्ध २ असा कौल दिला. लघुलेखकांनी टिपलेले कामकाज न. चिं. केळकरांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, म्हणून ते भाषण आज वाचता येते. लेख छापील होते, त्यामुळे टिळकांना निदान भाषांतराशी भांडता आले. तोंडी साक्षीचे मूळ मात्र हवेत विरते. त्याच्याशी भाषांतर ताडणार कसे?

ते मूळ धरून ठेवण्याचा एक मोठा प्रयत्न दक्षिण आफ्रिकेत झाला. नेल्सन मंडेला आणि सहकाऱ्यांवरचा १९६३-६४ चा रिव्होनिया खटला प्रिटोरियाच्या कोर्टात डिक्टाबेल्टवर ध्वनिमुद्रित केला गेला. डिक्टाबेल्ट म्हणजे प्लास्टिकचा लवचिक पट्टा. त्याच्यावर सुई दाबून खाचा उमटवते. एका पट्ट्यावर जेमतेम पाव तास मावतो. उमटलेले पुन्हा पुसता येत नाही, आणि कोर्टाच्या दृष्टीने यासारखा गुण नाही. दोष असा की पट्टे चपटे घडी घालून ठेवले की घडीची सुरकुती कायम होते आणि त्या जागी सुई उडी मारते. पुढे पट्टे उरले, पण ते वाजवणारी यंत्रे दुर्मीळ झाली. अखेर फ्रान्समधील आँरी शामू यांनी आपल्या यंत्रावर हे ५९१ पट्टे वाजवून त्यांचे डिजिटल रूप तयार केले. २० एप्रिल १९६४ रोजी आरोपीच्या पिंजऱ्यातून मंडेला बोलले, तो आवाज आज ऐकता येतो तो अशा खटपटींमुळे. ज्या सरकारने त्यांना जन्मठेपेला धाडले, त्याच्याच कोर्टाने तो आवाज जपून ठेवला होता!

आता काही देशांत कोर्टात डिजिटल वृत्तलेखक बसतो. यंत्र चालू करून तो स्वस्थ बसत असेल, असे आपणांस वाटेल. तसे नाही. न्यायाधीश, साक्षीदार आणि दोन्ही वकील यांच्यापुढे वेगवेगळे मायक्रोफोन असतात आणि प्रत्येकाचा आवाज वेगळ्या पट्टीवर जातो, म्हणजे दोघे एकदम बोलले तरी पुढे निवडता येतात. कामकाजापूर्वी तो प्रत्येक मायक्रोफोन तपासतो आणि मग कानाला हेडफोन लावून प्रत्यक्ष मुद्रित होणारा आवाज ऐकत राहतो. खोलीत स्वच्छ ऐकू येणारे वाक्य पंख्याच्या घरघरीत किंवा मायक्रोफोनजवळ चाळलेल्या कागदांच्या आवाजात बुडालेले असू शकते. कोण कधी बोलले आणि विशेषनामे कशी लिहायची, हे तो वेळेसकट टिपतो. साक्षीदाराने नुसती मान डोलावली तर यंत्राला काय कळणार? तेथे ‘तोंडाने उत्तर द्या’ असे म्हणावेच लागते.

आम्हा होमिओपॅथांना हे परके नाही. हानेमानने ‘ऑर्गेनॉन’मध्ये सांगून ठेवले आहे की रोग्याची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी आणि त्याला मध्येच तोडू नये. ‘पोटात कालवतंय’ याचे ‘अपचन’ केले की औषध चुकते.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली आणि सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचे कामकाज घरबसल्या दिसू लागले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी तेथे बोलणे संगणकाने लगोलग लिहून काढण्याचा प्रयोग सुरू झाला, तोही महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत. दोघे एकदम बोलले की अडचण येईल, हे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी तेव्हाच बोलून दाखवले होते.

पण ती वकिलांची इंग्रजी होती. तालुक्याच्या कोर्टात जी बाई बेळगावी मराठीत, मध्ये दोन कानडी शब्द घालून, घाबरत हळू आवाजात साक्ष देते, तिच्यापुढे मायक्रोफोन अजून यायचा आहे. तिचे मूळ बोलणे दप्तरात राहिले, तर अपिलात वकिलाला म्हणता येईल, ‘साहेब, भाषांतर बाजूला ठेवा, आधी हे ऐका.’