हळद वसमतची, नाव दुसऱ्याचे

मार्च-एप्रिलच्या उन्हात वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती उतरतात, तेव्हा त्या हळदीचे वाण विचारल्यास बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : सेलम. सेलम हे तमिळनाडूतील शहर. पूर्णेच्या काळ्या मातीत वाढलेल्या हळकुंडाची ओळख अशी हजारभर किलोमीटर दूरच्या गावावरून सांगितली जाते. 2024 मध्ये 'वसमत हळद' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. माल आपला आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट जगाच्या व्यापारात किती महाग पडते, हे समजून घ्यायचे असेल तर आधी एका वेगळ्याच पिकाकडे पाहावे लागते. ते पीक म्हणजे चहा.

10 जानेवारी 1839 रोजी लंडनमध्ये आसामच्या चहाच्या आठ पेट्या लिलावात विकल्या गेल्या. त्या काळी चहा म्हणजे चीनचा, हे समीकरण पक्के होते. पुढच्या पन्नास वर्षांत चित्र पालटले. 1888 मध्ये ब्रिटनमध्ये भारतातून आलेला चहा चीनच्या चहापेक्षा जास्त भरला.

हे केवळ जमीन लागवडीखाली आणून झाले नाही. 1861 मध्ये कलकत्त्यात चहाचा जाहीर लिलाव सुरू झाला. चव पाहणारे तज्ज्ञ प्रत ठरवू लागले आणि प्रतीनुसार भाव मिळू लागला. 1881 मध्ये मळेवाल्यांनी आपली संघटना उभारली. 1903 मध्ये तर त्यांनी स्वतःहून सरकारकडे मागणी करून स्वतःच्याच निर्यातीवर उपकर लावून घेतला. दर होता पौंडामागे पाव पै. या पैशांतून परदेशात भारतीय चहाची जाहिरात झाली. व्यापारी स्वतःवर कर मागून घेतात, असे प्रसंग इतिहासात फार सापडत नाहीत.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मळे उभे राहिले ते छोटा नागपूर आणि मध्य भारतातून करार करून नेलेल्या मजुरांच्या श्रमावर. करार मोडणाऱ्या मजुराला 1859 च्या कायद्याने तुरुंगात टाकता येत असे. चहाच्या निर्यातनीतीतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण तो स्वस्त चहा कोणाच्या घामावर स्वस्त झाला हे विसरून तो धडा वाचता येत नाही.

आणखी एक गंमत. 1930 च्या मंदीत जगात चहा तुंबला. 1933 मध्ये भारत, सिलोन आणि डच ईस्ट इंडीज यांनी निर्यात मर्यादित ठेवण्याचा करार केला. मग उरलेला चहा खपवायचा कोठे? भारतातच. फुकट चहा वाटून, स्टेशनांवर फलक लावून देशाला चहाची सवय लावण्यात आली. आज मराठी घराघरांत पाहुण्यासमोर जो कप येतो, त्यामागे एका अडलेल्या निर्यातीचा वाटा आहे.

हळदीचा प्रवास नेमका उलटा. येथे घरची मागणी हजारो वर्षांची. हळद स्वयंपाकात, औषधात, लग्नाच्या आदल्या दिवशी अंगाला, खंडोबाच्या भंडाऱ्यात. बाहेरच्या जगालाही ती अपरिचित नव्हती. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने तिची चर्चा 'भारतीय केशर' या नावाने केली. मात्र चहासारखी संघटना, लिलावातली प्रत आणि जाहिरातीचा निधी तिच्या वाट्याला आला नाही, कारण तिच्यामागे लंडनचे भांडवल नव्हते. ती एक-दोन एकरवाल्यांचे पीक होती, आणि आजही बऱ्याच अंशी आहे.

आता वसमतकडे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आज हळदीच्या व्यापारात वसमतचा मोठा स्पर्धक असलेले निजामाबादही त्याच संस्थानात. 1956 च्या भाषावार पुनर्रचनेत दोघांच्या मधून राज्याची सीमा गेली. निजामाबाद आंध्रात, वसमत आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी.

पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांनी वसमतच्या शिवारात कालव्याचे पाणी आणले. पाणी आले तसा ऊस आला, केळी आली. हळदीचा मोठा विस्तार त्यानंतरचा, मुख्यतः गेल्या दोन-तीन दशकांतला. हिंगोलीत बाजार समितीने हळदीसाठी वेगळा बाजार उभा केला, त्याला नाव दिले संत नामदेवांचे. नर्सी याच जिल्ह्यातली, तेव्हा हे नाव स्वाभाविकच.

तरीही देशाचा भाव निजामाबाद, सांगली आणि इरोड येथील घडामोडींवर हलत राहिला. सांगलीची प्रतिष्ठा जुनी. शेजारच्या हरिपुरात जमिनीखाली खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. हवा शिरत नाही, कीड लागत नाही, असे हे मातीचे कोठार. 2005 च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवांत पाणी शिरले. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मानांकन मिळाले, वर्ध्याच्या वायगावच्या हळदीला त्याआधी 2016 मध्ये. वसमतचा क्रम त्यांच्या मागून लागला.

नावाची किंमत भारताला हळदीनेच शिकवली होती. मार्च 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. आजीच्या हातची गोष्ट कोणाच्या तरी मालकीची झाली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक होते गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. जुने संस्कृत आणि उर्दू ग्रंथ, 1953 चा एक वैद्यकीय शोधनिबंध असे पुरावे सादर झाले आणि 1997 मध्ये पेटंट रद्द ठरले. ही लढाई जिंकली म्हणून मिरवले जाते, आणि ते योग्यच आहे. पण पेटंट रद्द झाल्याने शेतकऱ्याच्या पोत्याला एक रुपयाही जास्त मिळाला नाही. दुसऱ्याची मालकी नाकारणे आणि स्वतःचे नाव प्रस्थापित करणे ही दोन निराळी कामे आहेत.

दुसरे काम अजून बाकी आहे, आणि त्याची निकड आकड्यांतून दिसते. 2023-24 मध्ये भारतात सुमारे 10.74 लाख टन हळद पिकली. जगाच्या उत्पादनात हा वाटा 70 टक्क्यांहून अधिक. निर्यात झाली 1.62 लाख टनांची, मूल्य 22.65 कोटी डॉलर. म्हणजे किलोमागे जेमतेम 1.40 डॉलर. सरकारचे उद्दिष्ट आहे 2030 पर्यंत 100 कोटी डॉलरचे. याच भावाने ते गाठायचे ठरवल्यास सुमारे 7 लाख टन हळद परदेशी पाठवावी लागेल. देशात पिकणाऱ्या हळदीचा दोन तृतीयांश भाग! मग घरच्या डब्यात काय उरणार? तेव्हा पोती वाढवून हा डोंगर चढता येणार नाही. किलोची किंमत वाढवावी लागेल.

किंमत कशाने वाढते? एक, कुर्क्युमिन. हळदीला पिवळा रंग देणारा हा घटक 1815 मध्ये प्रथम वेगळा केला गेला. सेलमसारख्या वाणात तो साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतो, केरळच्या अलेप्पी हळदीत पाच-सहा टक्के, मेघालयाच्या लाकाडोंगमध्ये सातच्या पुढे. परदेशी औषध कंपनी वजनाला नव्हे, या टक्क्याला पैसे मोजते. अर्क काढण्याचे मोठे कारखाने आहेत केरळात. मराठवाड्यातून निघते ते मुख्यतः शिजवून, वाळवून, पॉलिश केलेले हळकुंड.

दोन, विश्वास. याचा भीषण दाखला शेजारच्या बांगलादेशात आहे. तोच भारतीय हळदीचा मोठा ग्राहकही. तेथे 1980 च्या दशकातील एका पुराने हळद भिजून फिकट पडली. रंग परत आणण्यासाठी व्यापाऱ्यांनी त्यावर लेड क्रोमेट हे शिशाचे रंगद्रव्य चोळायला सुरुवात केली आणि ती सवय रुजली. गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे सापडू लागले, त्याचा माग काढत संशोधक हळदीपर्यंत पोहोचले. 2019 मध्ये ते अभ्यास प्रसिद्ध होताच सरकारने तपासण्या आणि दंड सुरू केले. त्या वर्षी बाजारातील 47 टक्के नमुने भेसळीचे होते, 2021 मध्ये एकही नव्हता. अमेरिकेतही 2016 मध्ये शिशामुळे हळदीचे अनेक साठे बाजारातून परत घ्यावे लागले होते.

या प्रकरणाचे मूळ नीट वाळवता न आलेल्या मालात आहे. उकडल्यानंतर दहा-पंधरा दिवस कडक ऊन हवे. मध्येच अवकाळी पाऊस आला की रंग जातो, आणि रंग गेला की भाव जातो. म्हणून वाफेचे बॉयलर, पक्के वाळवण ओटे, झाकलेली गोदामे आणि गावाजवळची प्रयोगशाळा या रुक्ष वाटणाऱ्या वस्तू निर्यातीच्या पायाभरणीत मोडतात. 2022 च्या राज्य अर्थसंकल्पात वसमत येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रासाठी 100 कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली, ती याच दिशेने.

केंद्राचे पाऊल मात्र निजामाबादकडे वळले. तेथील शेतकऱ्यांनी 2019 च्या लोकसभा निवडणुकीत स्वतंत्र हळद मंडळ आणि रास्त भावासाठी अजब मार्ग निवडला. 170 हून अधिक शेतकऱ्यांनी स्वतःच उमेदवारी दाखल केली. एका मतदारसंघात 185 उमेदवार! 14 जानेवारी 2025 रोजी राष्ट्रीय हळद मंडळाची स्थापना झाली आणि मुख्यालय मिळाले निजामाबादला. संघटित आवाजाला फळ मिळते, हे 1903 च्या मळेवाल्यांनीही दाखवले होते. फरक एवढाच की मळेवाले मोजके आणि धनाढ्य होते. वसमतच्या परिसरातील हजारो लहान शेतकऱ्यांना पाव पैचा उपकर कोण गोळा करून देणार? 2002 च्या कायदा दुरुस्तीने शक्य झालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या ही त्यातल्या त्यात जवळची वाट दिसते. निदान प्रतवारी, तपासणी आणि बाहेरच्या ग्राहकाशी बोलणी हे तीन टप्पे तरी त्यातून शेतकऱ्यांच्या हाती येऊ शकतात.

मानांकन मिळाले की काम झाले, असा समज पसरतो. दार्जिलिंग चहाची कथा तो दूर करते. 2004 मध्ये भारतातील पहिले भौगोलिक मानांकन त्याला मिळाले, पण युरोपीय संघात त्या नावाला संरक्षण मिळायला 2011 उजाडले. तेथेही मिश्रण करून विकणाऱ्यांना काही वर्षांची मुदत दिली गेली.

वसमतपुढे तर त्याआधीचीच पायरी आहे. कायद्यानुसार मानांकन असलेले नाव पोत्यावर छापायचे तर उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करावी लागते. 2020 च्या नियमबदलात या अर्जाचे शुल्क 500 रुपयांवरून 10 रुपयांवर आणले गेले. ही नोंद होत नाही तोवर पूर्णेकाठची हळद मोंढ्यातून निघताना पोत्यावर व्यापाऱ्याचे नाव असेल, आणि वाण विचारल्यावर उत्तर येईल, सेलम.