नागरिक : नगरातून राष्ट्राकडे

‘नगर’ शब्दाला ‘इक’ प्रत्यय लागून ‘नागरिक’ झाला. पण संस्कृतात त्याचा अर्थ आजचा नव्हता. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त नागरिक हा नगराचा कारभार पाहणारा अधिकारी आहे, तर ‘कामसूत्रा’तला ‘नागरक’ म्हणजे शहरातला रसिक, सुखवस्तू पुरुष. देशाच्या सभासदत्वाशी दोघांचाही संबंध नाही. राजाच्या राज्यात माणूस प्रजा किंवा रयत असे. त्याने संरक्षण मागावे, सत्तेत वाटा नव्हे. तो वाटा मिळू लागला तेव्हा हा जुना शब्द नव्या कामाला जुंपला गेला.

यावर आक्षेप असा, की नगरातून निघालेला शब्द खेडुताला कसा शोभावा? वर्तमानपत्रे आजही गावातल्या माणसांना बहुधा ‘ग्रामस्थ’च म्हणतात, म्हणजे जुनी छटा पुरती पुसलेली नाही. तरीही अर्थ ठरवतो तो व्यवहार, व्युत्पत्ती नव्हे. संविधानाचे ५वे कलम नागरिकत्वासाठी अधिवास, जन्म, आईवडिलांचे जन्मस्थान पाहते. गाव की शहर, हे विचारत नाही. शिवाय भाषणस्वातंत्र्याचे १९वे कलम ‘नागरिकां’साठी आहे, तर जीविताचे रक्षण करणारे २१वे कलम कोणत्याही ‘व्यक्ती’साठी. म्हणूनच मुंबईत वर्षानुवर्षे राहणारा परदेशी माणूस रहिवासीच ठरतो आणि मेळघाटातल्या पाड्यावरचा भारतीय मतदार पुरेपूर नागरिक.