उभ्या पिकावरची उचल

फुटबॉलमधले मला फारसे कळत नाही, हे सुरुवातीलाच कबूल केलेले बरे. आमच्या तालुक्याच्या गावी खेळ म्हणजे क्रिकेट, आणि फार तर कबड्डी. ऑफसाइडचा नियम मला वयाच्या पंचविशीत समजला. आखेनला डॉक्टरेट करत असताना एका सहकाऱ्याने कँटीनच्या टेबलावर मिठाच्या बाटल्या मांडून तो समजावला. तरीही आज एका फुटबॉल क्लबाची गोष्ट सांगायला बसलो आहे, कारण ती मुळात खेळाची नाहीच, जमाखर्चाची आहे. आणि जमाखर्चाच्या बाबतीत माझ्याकडे एक जुने घरगुती देणे शिल्लक आहे. त्याविषयी शेवटी.

ड्युसेलडॉर्फकरांना फोर्टुना हे नाव नवे नाही. ज्यांना खेळात रस नाही त्यांनीही शनिवारी यू-७८ या गाडीत लाल-पांढरे मफलर गुंडाळलेली, बिअरच्या बाटल्या हातात घेतलेली गर्दी पाहिली असेलच. हा क्लब १८९५ सालचा, फ्लिंगर्न या कामगारवस्तीत जन्मलेला. म्हणजे पुण्यात टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव सार्वजनिक करण्याचा घाट घातला, त्याच सुमाराचा. १९३३ साली अंतिम सामन्यात शाल्कला ३-० असे हरवून फोर्टुना जर्मनीचा विजेता झाला. १९५४ साली बर्नमध्ये जर्मनीने पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा गोलरक्षक होता फोर्टुनाचा टोनी टुरेक. १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय चषक ड्युसेलडॉर्फला आला. १९७९ सालीच बाझेलला युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना बार्सिलोनाविरुद्ध झाला. तो जादा वेळेत ४-३ असा हातचा गेला. त्याआधी डिसेंबर १९७८ मध्ये बायर्न म्युनिकला याच संघाने ७-१ असे लोळवले होते. आजही फ्लिंगर्नमधल्या एखाद्या क्नाइपेत जुन्या माणसाला हा आकडा सांगा, पहिला ग्लास बहुधा तोच पाजेल.

अशा क्लबाचे पुढे काय झाले? १९८७ साली तो पहिल्या श्रेणीतून खाली आला. १९८९ साली वर गेला, १९९२ साली पुन्हा खाली, आणि १९९३ साली थेट तिसऱ्या श्रेणीत. १९९४ आणि १९९५ या दोन वर्षांत दोन पायऱ्या चढून परत वर, १९९७ साली खाली, १९९९ साली आणखी खाली, आणि २००२ साली चौथ्या श्रेणीत. सापशिडीच्या पटावरही इतके साप नसतात. ज्या क्लबाने बार्सिलोनाला घाम फोडला होता, तो आता शेजारच्या छोट्या गावांच्या संघांशी फ्लिंगर्नच्या जुन्या मैदानावर खेळू लागला.

घसरण मैदानावर दिसते, पण सुरू होते ती वहीत. माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर हे 'फीडबॅक'चे साधे उदाहरण आहे. फुटबॉल क्लबाचा खर्च आधी ठरतो आणि उत्पन्न नंतर. खेळाडूंशी तीन-चार वर्षांचे करार होतात आणि पगार दर महिन्याला द्यावाच लागतो. दूरदर्शनचे पैसे, तिकिटे, प्रायोजक मात्र तुम्ही कितव्या स्थानावर आहात यावर ठरतात. एक श्रेणी खाली गेलात की उत्पन्न एकदम कोसळते, करार मात्र तसेच राहतात. मग चांगले खेळाडू विकावे लागतात, त्यामुळे संघ आणखी कच्चा होतो, प्रेक्षक घटतात आणि उत्पन्न आणखी घटते. यातून सुटण्याचा मार्ग म्हणून कार्यकारिणी काय करते? पुढच्या वर्षी वर जाणारच असे गृहीत धरून आज कर्ज काढते. आपल्याकडे ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो, शेतकरी उभ्या पिकावर सावकाराकडून पैसे घेतो, तोच हा प्रकार. पाऊस पडला तर ठीक.

नव्वदीच्या अखेरीस असा एक सावकार जर्मन फुटबॉलला भेटला. म्युनिकची किनोवेल्ट ही चित्रपटवितरण कंपनी तेजीच्या लाटेवर शेअर बाजारात पोचली होती. तिच्या क्रीडाशाखेने अडचणीतले, पण नावाजलेले क्लब हेरले. पैसे आज घ्या, त्याबदल्यात उद्याच्या उत्पन्नातला वाटा लिहून द्या, असा व्यवहार. फोर्टुना, रोट-वाइस एसेन, आखेनचा अलेमानिया, बर्लिनचा युनियन अशा अनेकांनी तो केला. २००१ साली किनोवेल्टचेच दिवाळे वाजले. सावकार गेला, पण लिहून दिलेले कागद राहिले, आणि बरेच क्लब पुढे कित्येक वर्षे त्यातून मान सोडवत बसले.

या काळात समर्थकांचे हाल मला एका निवृत्त ट्रामचालकाकडून कळले. २००८ साली मी नोकरीनिमित्त इथे आलो, तेव्हा ते आमच्या इमारतीत राहत. बाझेलचा सामना त्यांनी प्रत्यक्ष पाहिला होता. ते म्हणत, हरण्याचे दुःख नाही, हरणे आम्हाला पाठ आहे. राग याचा, की दर वर्षी नवा माणूस येऊन मोठे स्वप्न विकत असे, आम्ही टाळ्या वाजवत असू, आणि तो गेल्यावर कळे की बिले आमच्या नावावर आहेत. विश्वचषकासाठी वाढवलेल्या ऱ्हाइन स्टेडियममध्ये चार-पाच हजार माणसे विखरून बसलेली. शेजारी कोण आहे हे ओळखण्यासाठी हाक मारावी लागे.

तरीही लोक सोडून गेले नाहीत. 'डी टोटेन होझेन' हा इथला पंक गायकवृंद. त्यांनी १९८९ च्या सुमारास आपल्या कार्यक्रमाच्या प्रत्येक तिकिटामागे एक मार्क जास्त घेऊन अँथनी बाफो या खेळाडूला आणायला हातभार लावला होता. २००१ साली क्लबाला कोणी वाली उरला नाही, तेव्हा तेच प्रायोजक झाले, आणि कवटीचे चित्र छापलेली जर्सी घालून संघ मैदानात उतरला. बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या नावाऐवजी कवटी! क्लबाच्या प्रकृतीचे इतके प्रामाणिक चिन्ह दुसरे सापडले नसते.

यातली सर्वांत गमतीची गोष्ट स्टेडियमची. चौथ्या श्रेणीत चाचपडणाऱ्या क्लबासाठी शहराने जुने स्टेडियम २००२ साली पाडून छत सरकवता येणारे, पन्नास हजारांवर प्रेक्षकांचे नवे स्टेडियम बांधले. ते २००४ साली सुरू झाले, तेव्हा फोर्टुना नुकताच तिसऱ्या श्रेणीत चढला होता. त्या स्टेडियमला आधी एलटीयू या विमान कंपनीचे नाव होते. ती एअर बर्लिनमध्ये विलीन झाली आणि एअर बर्लिन २०१७ साली बुडाली. नंतर नाव आले एस्प्रिट या कपड्यांच्या कंपनीचे, आणि २०२४ साली तिच्या इथल्या व्यवसायावरही दिवाळखोरीची पाळी आली. नाव देणारे गेले. ज्याच्या नावाने बोटे मोडली जात होती तो क्लब मात्र राहिला.

हे दुखणे एकट्या फोर्टुनाचे नव्हे. माझ्या आखेनच्या अलेमानियाने २००९ साली नवे तिवोली स्टेडियम बांधले, २०१२ साली संघ दुसऱ्या श्रेणीतून खाली घसरला आणि त्याच नोव्हेंबरात क्लबाने दिवाळखोरीचा अर्ज दिला. २०१५ साली शहराने ते स्टेडियम एक युरोला घेतले. आणि डॉर्टमुंड? ३१ ऑक्टोबर २००० रोजी शेअर बाजारात उतरलेला तो पहिला जर्मन क्लब. पैसा आला तसा गेलाही. एकट्या आमोरोजोसाठी सुमारे पाच कोटी मार्क मोजले. २००२ साली विजेतेपद मिळाले. पण ऑगस्ट २००३ मध्ये ब्रुगेविरुद्ध पेनल्टींवर हरून चॅम्पियन्स लीगचे दार बंद झाले, आणि सगळे गणित त्या दारावरच मांडलेले होते. पुढच्या आर्थिक वर्षाचा तोटा निघाला ६ कोटी ७५ लाख युरो. स्वतःचे स्टेडियमही तोवर 'मोल्सिरिस' नावाच्या गुंतवणूक फंडाला विकून भाड्याने घेतलेले होते.

या नाटकाचा शेवटचा अंक ड्युसेलडॉर्फमध्येच झाला. १४ मार्च २००५ रोजी आपल्या विमानतळावरच्या सभागृहात त्या फंडाचे गुंतवणूकदार जमले. भाडे थकवून क्लबाला सावरू द्यायचे की नाही, यावर मतदान. तीन चतुर्थांश मते हवी होती, नव्वद टक्क्यांहून जास्त मिळाली. डॉर्टमुंडचा जीव डॉर्टमुंडबाहेर, सुटकेसा ओढणाऱ्या प्रवाशांच्या शेजारच्या खोलीत, दंतवैद्य आणि पेन्शनर अशा गुंतवणूकदारांनी वाचवला. क्लबाच्या सभासदांना त्या दिवशी मत नव्हते.

इथे एक प्रश्न पडतो. जर्मनीत १९९८ पासून 'पन्नास अधिक एक'चा नियम आहे. व्यावसायिक संघाची कंपनी केली तरी मतांचे बहुमत सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहते. शिवाय दर वर्षी परवान्यासाठी क्लबाला आपली आर्थिक स्थिती दाखवावी लागते. मग हे सगळे घडलेच कसे? माझे उत्तर असे, की मताचा अधिकार हे कुलूप आहे, राखणदार नव्हे. संघ जिंकत होता तेव्हा सभासदांनीच मोठ्या स्वप्नांना हात वर केले. सभेत ताळेबंदातील आकडा विचारणारा माणूस हा आनंदावर विरजण घालणारा ठरला.

तरीही अधिकार असण्याने फरक पडतोच. पुण्यात २०१४ साली एफसी पुणे सिटी हा संघ सुरू झाला. पाठीशी बांधकाम उद्योगातला पैसा आणि चित्रतारे. बालेवाडीला नारिंगी कपड्यांत येणारा तरुण प्रेक्षकवर्गही जमला. २०१९ साली मालक अडचणीत आले आणि संघ बंद पडला. त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. महिंद्र युनायटेडने २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकली होती, २०१० साली मालकांनी तो संघही बंद केला. दोन्हीकडे प्रेक्षकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते ग्राहक होते, सभासद नव्हते. उलट कोल्हापूरचे तालमींचे संघ पाहा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हे पेठांचे आहेत. पैसा बेताचा, भांडणे भरपूर, पण शाहू स्टेडियम भरते. पेठ बंद करता येत नाही.

फोर्टुना सावरला तो हळूहळू. २००९ साली दुसऱ्या श्रेणीत, २०१२ साली हेर्था बर्लिनविरुद्धच्या गोंधळी सामन्यानंतर पहिल्या श्रेणीत, मग पुन्हा खाली, पुन्हा वर, २०२० साली पुन्हा खाली. २०२३ साली काही घरचे सामने विनामूल्य दाखवण्याची योजना जाहीर झाली. तिकिटांचे पैसे भागीदार कंपन्यांनी भरायचे. ऑक्टोबरातल्या पहिल्या विनामूल्य सामन्यात संघ कैझरस्लाउटर्नविरुद्ध ०-३ असा मागे पडून ४-३ ने जिंकला. मे २०२४ मध्ये मात्र बोखुमला त्यांच्या घरी ३-० ने हरवून, आपल्या घरी ०-३ ने मार खाऊन, पेनल्टींवर बढतीची संधी गमावली. फोर्टुना म्हणजे नशिबाची देवी. तिचा स्वभाव नावातच आहे.

आता घरगुती देण्याविषयी. आमचे अण्णा शिक्षक होते. निवृत्तीचे बरेचसे पैसे त्यांनी गावच्या एका पतसंस्थेत ठेवले होते. व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त, आणि संचालक सगळे ओळखीचे. २००५ साली मी सुट्टीवर गेलो असताना त्यांनी संस्थेचा वार्षिक अहवाल माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "तू एवढा शिकलायस, जरा बघ. मला थकबाकीचा आकडा बरोबर वाटत नाही." मी दोन पाने चाळली. दुसऱ्या दिवशीचे विमान होते, बॅगा भरायच्या होत्या. म्हटले, "ठीक दिसतंय, अण्णा." सभेला ते गेले. अध्यक्षांनी विषय वाचला, पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" असा गजर झाला. अण्णा उठले नाहीत. मुलगा ठीक म्हणाला होता ना. दोन वर्षांनी संस्थेला कुलूप लागले. त्यांच्या ठेवीचा काही भाग पुढे परत मिळाला, बराचसा नाही.

२०११ साली अण्णा इथे आले, तेव्हा त्या ट्रामचालकांनी आम्हाला सामन्याला नेले. अण्णांनी खेळापेक्षा शेजारच्या माणसाकडेच जास्त पाहिले. मध्यंतरात मला म्हणाले, "यांना विचार, इतकं सगळं होऊन हे येतात कसे?" मी भाषांतर केले. म्हातारबुवा हसले. म्हणाले, येतोच, पण आता वार्षिक सभेलाही जातो, आणि पहिल्या रांगेत बसून खजिनदाराला प्रश्न विचारतो. पूर्वी फक्त सामन्याला येत होतो, तीच चूक झाली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरोबर आहे. मी उठायला हवं होतं." मला वाचायला हवे होते, हे ते म्हणाले नाहीत. आजवर म्हणालेले नाहीत.

आपले मंडळही इथल्या कायद्याने नोंदलेली संस्थाच आहे. दर वर्षी हिशेबाचा कागद घरी येतो, आणि गणपतीच्या कार्यक्रमपत्रिकेखाली दबून जातो. खजिनदारांवर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच या वर्षी तो कागद मी शेवटपर्यंत वाचला, आणि सभेत दोन प्रश्न विचारणार आहे. खजिनदारांनी राग मानू नये. त्यांच्या जागी बसलेल्या माणसाला खरा आधार टाळ्यांचा नसतो, वाचणाऱ्या सभासदांचा असतो.