खाजनाचा बांध

मुरगावच्या बंदरात येणाऱ्याची दृष्टी सहसा जहाजांवरच खिळते. जुवारीच्या काठाने थोडे आत, सांकवाळ-कुठ्ठाळीच्या बाजूस गेले म्हणजे मात्र खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा एक बुटका बांध आडवा येतो. त्याच्या एका अंगास खारे पाणी, दुसऱ्या अंगास भात. आणि भाताची जमीन भरतीच्या पाण्याहून खाली! या जमिनीस खाजन म्हणतात. साऱ्या गोव्यात तिचे क्षेत्र सुमारे 18,000 हेक्टर धरले जाते.

हा उद्योग आजकालचा नव्हे. बांदिवडे येथील अनिर्जितवर्मा या मौर्य राजाच्या ताम्रपटात ‘खज्जन’ भूमीच्या दानाचा उल्लेख आहे, आणि तो ताम्रपट सुमारे सहाव्या शतकातला. कांदळवनाच्या चिखलातून काढलेल्या या जमिनीचे सारे शहाणपण एका लाकडी दारात साठलेले आहे. त्या दारास मानस म्हणतात. भरती चढली की तिच्याच दाबाने ते मिटते. ओहोटी लागली की आत साचलेले पाणी त्यास ढकलून बाहेर पडते. दारामागे पाणी मावण्यासाठी खोलगट जागा राखलेली असते, तिचे नाव पोंय. खारटपणा सोसणारे कोरगुट भात पावसाळ्यात पिकते आणि मानशीवर मासळी मिळते. टेकडीवरचे मोरड, उतारावरचे खेर आणि तळचे खाजन असा जमिनीचा क्रम असल्यामुळे वर मुरलेले पाणी खालच्या विहिरींस पुरते. बांध फुटला तर शेताबरोबर विहिरीही खारावतात.

अशी जमीन एकट्यादुकट्याने राखता येत नाही. म्हणून ती गावकरीची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची राहिली. शेते आणि मानशीवरील मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जाई. आलेल्या पैशातून सरकारचा सारा, देवस्थान आणि बांध यांचा खर्च भागवून उरेल ते गावकरांत वाटले जाई. 1526 साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने ह्याच रूढी सनदेत नोंदविल्या. पुढे सासष्टी-मुरगावकडील गावांत देवळाच्या जागी चर्च आले, गावकरांची नावे पालटली. बांधाचा खर्च मात्र हिशेबात होता तसाच राहिला. समुद्र कोणाचा धर्म विचारीत नाही.

पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगीजांकडे बरेच उशिरा, अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. शापोरा नदीकाठचे आगरवाडा हे गाव तेथील मिठागरांची ओळख आपल्या नावातच बाळगून आहे. डिचोलीची कथा निराळी. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथील लोहखनिज बार्जींत भरून मांडवीतून मुरगावास जाऊ लागले. बार्जींच्या लाटांनी नदीकाठचे बांध खचले, आणि खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्यामुळे आसपासच्या विहिरी आटल्या. ज्या बंदराच्या भरभराटीचे कौतुक होते, त्याच्या जमाखर्चात ही बाजू क्वचितच मांडली गेली.

1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास संरक्षण मिळाले आणि 1976 च्या दुरुस्तीने मालकी. हे न्याय्यच होते. पण बांधाचे काम जुन्या संस्थेकडून कुळांच्या नव्या संघांकडे गेले, आणि कित्येक ठिकाणी ते कोणाचेच उरले नाही. शेतीपेक्षा मासळीच्या लिलावात अधिक पैसा दिसू लागताच मानस उघडी ठेवून, क्वचित बांध मुद्दाम फोडूनही, शेतात खारे पाणी घेतले गेले.

कायद्यांची उणीव नव्हती. 1991 च्या भूवापर कायद्याने कुळांकडे आलेली जमीन शेतीखेरीज अन्य कामी लावण्यास मनाई केली. 2002 साली भूजल नियमनाचा कायदा झाला. 2011 च्या किनारपट्टी अधिसूचनेने खाजनांचे नकाशे करून तेथे बांधकाम होऊ न देण्याचे ठरविले. तत्पूर्वी, 2006 साली निघालेल्या प्रादेशिक आराखड्यात शेते, डोंगर व किनारे बांधकामास मोकळे होत असल्याचे दिसताच लोक रस्त्यावर आले, आणि 2007 च्या आरंभी सरकारला तो मागे घ्यावा लागला. नगरनियोजन कायद्यात 2023 साली कलम 17(2) घालण्यात आले. आराखड्यातील चूक दुरुस्त करावयाची एवढाच त्याचा उच्चारित हेतू; परंतु त्याच्या आधारे एकेका भूखंडाचा वापर बदलू लागला. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालील नियम रद्द केले व कलमाचा अर्थ आकुंचित केला. कुठ्ठाळीच्या बांधाशी जुवारीची भरती त्या दिवशीही दोनदा आली.