हललेली कोल्ड्रिंकची बाटली: टिचकी मारल्यानं फेस थांबतो का?

भामरागडला येणारं बरंचसं सामान आलापल्लीवरून, जंगलातल्या रस्त्यानं येतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तेही थांबतं. एरवी बस, जीप नाहीतर मोटारसायकलवरून धक्के खात आलेली कोल्ड्रिंकची बाटली घरी पोचते तेव्हा चांगलीच घुसळलेली असते. इफ्तारला किंवा दावतीत घाईनं झाकण फिरवलं की पेय ग्लासात कमी आणि दस्तरखानावर जास्त. पैसे जातात, कपडे खराब होतात आणि इसराफ होतो तो वेगळाच.

यावर घरोघरी इलाज सांगितले जातात. कुणी डब्याच्या झाकणावर टिचक्या मारतं, कुणी बाजूला, कुणी बाटली उलटी करून पुन्हा सरळ करतं. यात खरं किती आहे ते आपण पाहू.

फेस येतो कुठून?

या पेयात कार्बन डायऑक्साइड वायू दाबाखाली विरघळवलेला असतो. थंड पाण्यात तो जास्त मावतो, गरम पाण्यात कमी. हवेच्या साध्या दाबाला १ लिटर पाण्यात ० अंशाला सुमारे १.७ लिटर वायू विरघळतो. २० अंशाला ०.९ लिटरच्या आत, तर ४० अंशाला जेमतेम अर्धा लिटर. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली बाटली जास्त का उसळते, याचं उत्तर या आकड्यांतच आहे.

बाटली हलवली की आतला दाब खूप वाढतो, असा अनेकांचा समज आहे. तसं फारसं होत नाही. होतं ते असं: पेयाच्या वर थोडी मोकळी जागा असते. हलवल्यावर तिथला वायू बारीक बुडबुड्यांच्या रूपात पेयात मिसळतो. काही बुडबुडे आतल्या बाजूंना चिकटतात, काही मध्येच तरंगतात. झाकण उघडताच दाब एकदम उतरतो. हे बुडबुडे फुगतात, विरघळलेला वायूही त्यांच्यात शिरतो आणि वर येताना ते पेयालाही सोबत घेऊन बाहेर पडतात.

टिचकीची परीक्षा

टिचकीमागची कल्पना अगदीच वेडगळ नाही. बाजूला चिकटलेले बुडबुडे टिचकीनं सुटतील, वर जातील आणि उघडताना त्रास देणार नाहीत, असा तो विचार आहे. पण विचार पटला म्हणजे गोष्ट सिद्ध झाली असं होत नाही.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१९ साली ही गोष्ट रीतसर तपासली. प्रयोग बिअरच्या डब्यांवर होता. बिअर आपल्याकडे हराम आहे, पण इथे प्रश्न वायूचा आहे आणि तो वायू कोल्ड्रिंकमध्येही तोच असतो. ३३० मिलिलिटरचे हजारावर डबे घेतले. काही २ मिनिटं हलवले, काही तसेच ठेवले. दोन्हींतल्या साधारण अर्ध्या डब्यांना बाजूला एका बोटानं ३ टिचक्या मारल्या. कोणत्या डब्याला टिचकी मारायची, हे नशिबावर सोडलं होतं. उघडण्याआधी आणि नंतर प्रत्येक डबा तोलला. हललेल्या डब्यांत टिचकीवाल्या आणि बिनटिचकीच्या डब्यांतून सांडलेल्या पेयात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

या प्रयोगाची मर्यादाही सांगायला हवी. बिअरमधल्या प्रथिनांमुळे तिचा फेस जास्त टिकतो, आणि तपासल्या गेल्या त्या फक्त बाजूच्या ३ टिचक्या. तरीही टिचकीच्या बाजूनं काही हाती लागलं नाही, हे खरं.

मग लोकांना गुण का येतो?

कारण टिचक्या मारताना वेळ जातो, आणि खरं काम वेळच करतो. ०.१ मिलिमीटरचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला साधारण ५ मिलिमीटर वर चढतो. म्हणजे डब्याच्या तळापासून वर यायला त्याला २०-२५ सेकंद लागतात. बुडबुडा पाचपट लहान असला तर वेग पंचवीसपट कमी होतो, आणि तेवढ्याच अंतराला ९-१० मिनिटं लागतात. टिचक्या मारत, गप्पा मारत मिनिटभर गेलं की मोठे बुडबुडे वर गेलेले असतात. काम केलं थांबण्यानं आणि नाव झालं टिचकीचं.

कोणता इलाज किती कामाचा?

* थांबणं: सगळ्यात खात्रीचा. १०-१५ मिनिटं बाटली उभी, न हलवता ठेवा.
* गार करणं: दुहेरी फायदा. वायू पेयात टिकून राहतो आणि तेवढा वेळही जातो. लाईट नसेल तर बाटली गार पाण्याच्या बादलीत उभी ठेवा. फ्रीझरमध्ये मात्र विसरू नका, पेय गोठलं की बाटली फुटू शकते.
* झाकण हळू फिरवणं: प्लॅस्टिकच्या बाटलीला उत्तम. फुस्स आवाज आला की थांबा, फेस चढला तर पुन्हा आवळा, तो उतरला की परत थोडं फिरवा. डब्याला हे जमत नाही, तो एकदाच उघडतो.
* उलटी-सरळ करणं: उपयोग नाही. पेय पुन्हा घुसळतं.
* मीठ टाकणं: उलट परिणाम. मिठाच्या खरखरीत कणांवर बुडबुडे धरतात आणि फेस उसळतो. लिंबू-सोडा करताना मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवून घ्या आणि सोडा ग्लासच्या कडेनं हळूहळू ओता.

गोटी सोड्यात गोटीला वर दाबून धरतो तो हाच वायू. इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी १८७० च्या दशकात ही बाटली काढली. काचेची कोणतीही बाटली, गोटीची असो वा बिल्ल्याची, मुद्दाम हलवू नये आणि उन्हात ठेवू नये. उघडताना तोंड कुणाच्याही चेहऱ्याकडे नको. सांडलेलं पेय पुसता येतं, पण बिल्ला किंवा काच डोळ्याला लागली तर नजर जाऊ शकते. लहान मुलांच्या हातात अशी बाटली उघडायला देऊ नका.

वर्गात करून बघा

एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या ६ छोट्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या आणि एकाच जागी ठेवा. कोणत्या ३ बाटल्यांना टिचकी मारायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळ्या २०-२० वेळा सारख्याच हलवा. टिचकी मारलेली आणि न मारलेली, दोन्ही उघडण्याआधी घड्याळ लावून सारखाच वेळ थांबा. ही अट सगळ्यात महत्त्वाची. उघडण्याआधी आणि नंतर, बाहेरून पुसून, झाकणासकट किराणा दुकानातल्या काट्यावर तोला. बाटल्या परातीत ठेवून उघडा म्हणजे सांडलेलंही वाया जाणार नाही. ६ बाटल्यांवरून पक्का निकाल लागत नाही, पण तपासायचं कसं हे मुलांना कळतं.

ऐकीव गोष्ट पडताळून बघणं आपल्याला परकं नाही. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी प्रकाशावरचे प्रयोग असेच काटेकोर केले. कोणी खबर आणली तर आधी तहकीक करा, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहे. जो मुलगा टिचकीची तहकीक करायला शिकेल, तो उद्या मोबाईलवर आलेला औषधाचा नुस्खा किंवा एखादी अफवाही पुढे पाठवण्याआधी थांबेल.