बियाण्याच्या नावातलं गाव

मृग तोंडावर आला की जळगाव-धुळ्याच्या बी-बियाण्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. भुईमूग लावणारा शेतकरी पायरीवरूनच विचारतो, "जेएल चोवीस आहे का?" त्यातलं 'जेएल' म्हणजे जळगाव. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात हा वाण निवडला गेला. तिळाच्या 'जेएलटी ७'मधलं जळगाव तेच, आणि धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून निघालेल्या बाजरीच्या 'डीएचबीएच' मालिकेतला 'डीएच' धुळ्याचा. या नावांत संशोधक कुठेच नाही, आहे ते त्याचं गाव. संशोधनावरच्या मालकीची खूण म्हणून खान्देशात बराच काळ एवढंच होतं. ही खूण आली कुठून आणि पुढे तिचं काय झालं, याचा हा मागोवा.

गावाच्या नावाला बाजारात किंमत असते हे इथल्या कपाशीनं फार आधी पाहिलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर अवलंबून राहिल्या. भाव कडाडले, तशी गाठींत भेसळही वाढली. कोणी सरकी घाले, कोणी पाणी मारी. मुंबई सरकारनं १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदाच केला आणि तपासनीस नेमले. परदेशी बाजारात खान्देशचा कापूस तेव्हा वऱ्हाडाबरोबर 'उमरा' या नावाखाली विकला जाई. हे अमरावतीचं, म्हणजे उमरावतीचं, व्यापाऱ्यांनी केलेलं रूप. माल खान्देशचा आणि नाव शेजारच्या मुलखाचं. कायदा झाला तोही गाठ विकत घेणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून. ज्यानं ती कपाशी निवडली आणि तिचं बी जपलं, त्याचा विचार त्यात नव्हता.

पेटंट त्याआधीच हिंदुस्थानात आलं होतं. ३ मार्च १८५६ रोजी कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला. हिंदुस्थानातला हा पहिला अर्ज. हा अर्ज ज्या पेटंट कायद्याखाली झाला, तो राणीची मंजुरी न घेता केल्यामुळे रद्द झाला आणि १८५९ साली नव्यानं आला. पुढे १९११चा कायदा आला, आणि न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ सालच्या अहवालावर उभा राहिलेला १९७० सालचा. हा शेवटचा कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला आणि दुरुस्त्या होत होत आजही चालू आहे. शेतीची पद्धत पेटंटच्या बाहेर राहील, असं त्यानं स्पष्ट लिहिलं. वनस्पती, बियाणं, वाण यांनाही पेटंट नाही, हे २००२ सालच्या दुरुस्तीनं त्यात घातलं. जळगावात याचा अर्थ डोळ्यांसमोर दिसतो. ठिबक सिंचनाच्या नळीतला ड्रिपर नवा असेल तर त्याचं पेटंट मिळू शकतं. त्याच नळीच्या पाण्यावर वाढलेल्या केळीच्या रोपाचं मिळत नाही.

मला हा निर्णय योग्य वाटतो. जेएल २४ या दुरुस्तीच्या आधीचा, पण त्याच मोकळेपणाचं फळ आहे. ईसी ९४९४३ या क्रमांकानं परदेशातून आलेल्या भुईमुगाच्या नमुन्यातून जळगावच्या संशोधकांनी एकेक झाड पारखत हा उपट्या वाण वेगळा काढला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो 'फुले प्रगती' या नावानं प्रसारित झाला. तीन महिन्यांच्या आसपास काढणीला येतो, म्हणून पावसानं लवकर पाठ फिरवली तरी शेंगा हाती लागतात. महाराष्ट्राबाहेर तो पसरलाच, शिवाय आफ्रिकेत गेला. मलावीत त्याला 'काकोमा' म्हणतात. जळगावला यातून एक पैसा मिळाला नाही, आणि कोणी मागितलाही नाही. सरकारच्या पगारावर काम करायचं, बी सगळ्यांना द्यायचं, हे त्या पिढीचं व्रत होतं. त्या संशोधकांविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र हे व्रत एका गृहीतावर उभं होतं. आपण मोकळेपणानं दिलेलं बी दुसरा कोणी स्वतःच्या नावावर करणार नाही, हे ते गृहीत.

ते किती कच्चं आहे, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांच्या आयुष्यात दिसलं. १९८३ साली या दीड एकराच्या शेतकऱ्याला आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवड केली आणि बारीक तांदळाचा वाण तयार केला. त्या काळी एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून वाणाचं नाव पडलं एचएमटी. १९९४ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं त्यांच्याकडून बी नेलं आणि १९९८ साली तो 'पीकेव्ही एचएमटी' म्हणून प्रसारित झाला. शुद्धीकरण आम्ही केलं, हे विद्यापीठाचं म्हणणं होतं. मूळ निवड माझी, हे दादाजींचं. पुढची वीस वर्षं ते आपलं श्रेय मागत राहिले. २०१८ साली ते गेले, तोवर त्यांचा तांदूळ लाखोंच्या ताटात पोचला होता.

खान्देशच्या शेतकऱ्यानं दुसऱ्याच्या मालकीची किंमत मोजली ती कपाशीत. २६ मार्च २००२ रोजी बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. सरकीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाच्या किमतीत जनुकाची फीसुद्धा होती. बोलगार्ड या बीटी तंत्रज्ञानाच्या पहिल्या पिढीचं भारतात पेटंट नव्हतंच, फी चालली ती कंपन्यांमधल्या करारांवर. दुसऱ्या पिढीचं पेटंट होतं, आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सरकारनं ही फी २०१६ साली पाकिटामागे ४९ रुपयांवर आणली, पुढे ३९, मग २०, आणि २०२० साली शून्यावर. तोवर २०१७ची गुलाबी बोंडअळी येऊन गेली होती.

बीटीला परवानगी मिळण्याआधीच देशानं स्वतःचा तोडगा काढला होता. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. जगातल्या अशा बहुतेक कायद्यांत वाण पैदा करणारा केंद्रस्थानी असतो. आपल्या कायद्यानं शेतकऱ्याला त्याच्या शेजारी बसवलं. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे हे तपासून नोंद होते. शेतपिकांना १५ वर्षं आणि झाडांना व वेलींना १८ वर्षं संरक्षण मिळतं. शेतकरी आपलं बी ठेवू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडच्या नावाखाली विकता येत नाही. दुसरा संशोधक नोंदलेला वाण प्रयोगासाठी वापरू शकतो. संकरित बियाण्यासाठी तो पुन्हा पुन्हा मायबाप म्हणून लागणार असेल, तर मात्र परवानगी घ्यावी लागते. शेजारच्या गुजरातेत २०१९ साली एका मोठ्या कंपनीनं बटाटा उत्पादकांवर दावे लावले, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूनं उभं राहिलेलं कलम याच कायद्यातलं होतं. कंपनीनं दावे मागे घेतले.

आणि गावाचं नाव? ते २०१६ साली परत आलं, या वेळी कायद्याच्या शिक्क्यासह. जळगावची केळी आणि जळगावचं भरिताचं वांगं, दोघांना त्या वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं. केळीचं मानांकन रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावावर आहे. २०२१च्या जूनमध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी मानांकनासह दुबईला गेली.

वांग्याची गोष्ट मला जास्त जवळची आहे. बामणोदकडचं हिरवट, लांबट, मोठं वांगं हातात घेतलं की आकाराच्या मानानं हलकं लागतं, कारण आत बिया कमी. पऱ्हाट्यांच्या जाळावर ते काळंठिक्कर होईतो भाजायचं, साल ओढून काढायची, हिरव्या मिरच्या नि लसणासह लाकडी बडगीत ठेचायचं आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायचं. या बियांची निवड कुठल्या प्रयोगशाळेनं केली नाही. चांगलं फळ झाडावरच पिकू द्यायचं, बी राखेत घोळून वाळवायचं, पुढच्या हंगामाला काढायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे घराघरांत होत आलं आहे, आणि त्यात बायकांचा हात मोठा. मानांकनाच्या कागदावर त्यांची नावं येत नाहीत. तरी उमरा नावाखाली झाकल्या गेलेल्या खान्देशला स्वतःचं नाव मिळालं, हेही खरंच.

मानांकन नुसतं मिळून भागत नाही. नोंद दहा वर्षांची असते, तिचं नूतनीकरण करावं लागतं, आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवल्याशिवाय शेतकऱ्याला तो शिक्का लावता येत नाही. आपल्या शेतकरी गटानं ते केलं आहे का, हे एकदा विचारा.

विद्यापीठात आणि महाविद्यालयांत काम करणाऱ्या तरुण संशोधकांना एवढंच सांगणं आहे. यंत्र किंवा प्रक्रिया नवी असेल तर निबंध छापण्याआधी, परिषदेत मांडण्याआधी पेटंटचा अर्ज करा. जगाला सांगून झालेली गोष्ट कायद्याला नवी राहत नाही, आणि त्याला अपवाद फार थोडे. काम अपुरं असेल तर तात्पुरता अर्ज करता येतो, पूर्ण तपशिलासाठी बारा महिने मिळतात. शिक्षणसंस्थांना फीत मोठी सवलत आहे. वाण असेल तर बियाणं विकायला लागून वर्ष उलटण्याआधी अर्ज करा, आणि मूळ बी कोणत्या शेतातून आणलं ते त्यात खरं लिहा.

ज्यांच्या घरी असं जुनं बी अजून डब्यात आहे, वांग्याचं, दादर ज्वारीचं, तिळाचं, त्यांनी ते शेतकऱ्याचा वाण म्हणून नोंदवावं. पीक वाण संरक्षण कायद्याखालच्या प्राधिकरणाचं शाखा कार्यालय पुण्यात आहे. या नोंदणीला शेतकऱ्याला फी नाही.